मोतीबिंदू, उंदीर आणि ‘याप्य’

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत दवाखाना चालविणाऱ्या वैद्याला एका प्रश्नाची सवय झालेली असते. ‘‘मोतीबिंदूची सुरुवात आहे असे सांगितले. थेंब घालून विरघळेल का?’’ विचारणारा बहुधा साठी उलटलेला असतो. शस्त्रकर्माची भीती, घरात सोबतीला कोणी नाही, मुलाला रजा मिळत नाही, अशी अनेक कारणे त्या प्रश्नामागे असतात. त्याला आपल्या तोंडून ‘होय’ ऐकायचे असते. काही व्यवसायबंधू ‘होय’ म्हणतात. पुष्कळजण ‘पाहू या’ म्हणतात; आणि वैद्याचे ‘पाहू या’ म्हणजे रुग्णाच्या लेखी ‘होय’च.

या प्रश्नाचे उत्तर आता आपण स्पष्टपणे दिले पाहिजे, असे माझे मत आहे. तयार झालेला मोतीबिंदू कोणत्याही थेंबाने, अंजनाने वा पोटातील औषधाने विरघळत नाही. त्याची वाट धरलेल्या डोळ्यात मात्र विलंब घडविण्याचा प्रयत्न करता येतो. ही दोन वाक्ये एकत्र उच्चारल्याने आयुर्वेदाला उणेपणा येत नाही. उलट आपल्या संहितेतील साध्यासाध्यविचार आणि उंदरांच्या भिंगावर गेल्या काही दशकांत झालेले पेशी व प्रथिनांचे संशोधन हे या एका मुद्द्यावर एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

संहितेतील क्रम

गिरगावला लागून असलेल्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजी यांनी स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना होता. डल्हणाचार्यांच्या निबंधसंग्रह टीकेसह वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सुश्रुतसंहितेची १९३८ सालची आवृत्ती तेथे छापली गेली. आपल्यापैकी अनेकांचा अभ्यास त्या आवृत्तीवर किंवा तिच्या पुनर्मुद्रणांवर झाला आहे. तिच्या उत्तरतंत्रातील सातवा आणि सतरावा हे दोन अध्याय पुन्हा एकदा शांतपणे वाचावेत, अशी विनंती आहे.

सातव्या अध्यायात दृष्टीचे प्रमाण मसुराच्या डाळीएवढे सांगितले आहे. गंमत अशी की, भिंगाला इंग्रजीत ज्या ‘लेन्स’ शब्दाने ओळखतात त्याचा मूळ लॅटिन अर्थही मसूर असाच आहे. सुश्रुतांची ‘दृष्टी’ म्हणजे नेमके भिंग की बाहुली याविषयी मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडवायचा नाही. महत्त्वाचा आहे तो व्याधीचा क्रम. दोष एकेका पटलात शिरत जातो, तिमिरापासून लिंगनाशापर्यंत व्याधी वाढत जातो, आणि मधल्या अवस्थेला ‘काच’ म्हटले जाते. (मराठीत आज आपण ज्याला काचबिंदू म्हणतो तो व्याधी वेगळा. नवशिक्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.)

सतराव्या अध्यायाच्या आरंभीच साध्यासाध्यता येते. सहाही प्रकारचे काच तेथे याप्य गणले आहेत. पुढे कफज लिंगनाशासाठी शलाकेचे शस्त्रकर्म सविस्तर सांगितले आहे. कोणत्या रूपाच्या दोषाला हात लावू नये, शस्त्रकर्मानंतर रुग्णाने कसे निजावे, शिंक, खोकला, ढेकर का टाळावेत, हे सारे तेथे आहे. म्हणजे आचार्यांनी तीन वाटा दाखविल्या : आरंभी चिकित्सा, मधल्या अवस्थेत यापन, शेवटी शस्त्र.

येथे कोणी चंद्रोदया वर्तीसारख्या योगांकडे बोट दाखवील. त्यांच्या फलश्रुतीत तिमिर, काच, पटल ही नावे येतात हे खरे. परंतु फलश्रुती आणि सिद्धांत यांत विरोध दिसला तर कौल सिद्धांताच्या बाजूने द्यावा, हे आपल्याला गुरूंनी शिकविले आहे. साध्यासाध्यता हा सिद्धांत आहे.

‘याप्य’ या शब्दाचा अर्थ सुश्रुतांनी सूत्रस्थानात एका दृष्टांताने सांगितला आहे : पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू. लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींना लावलेले लाकडी वासे ज्याने पाहिले आहेत त्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. टेकू घर नवे करीत नाही. तो घर पडण्याचा दिवस पुढे ढकलतो. आणि तो भिंत उभी असतानाच लावावा लागतो.

भिंगाची घडण

आता आधुनिक शास्त्राने दाखविलेले भिंग पाहू. भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या पुढच्या पृष्ठावर पेशींचा एकच थर असतो. त्या थराच्या कडेला पेशी विभागतात, लांब होतात आणि तंतूंचे रूप घेतात. नवे तंतू जुन्या तंतूंवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चढत राहतात आणि ही वाढ आयुष्यभर चालते. एकही जुना तंतू बाहेर टाकला जात नाही. गाभ्यातील तंतू तर जन्मापूर्वीचे असतात.

तंतू होताना या पेशी एक विलक्षण गोष्ट करतात. त्या आपले केंद्रक आणि आतील इतर अंगके मोडून टाकतात, कारण प्रकाशाच्या वाटेत काहीही आडवे असता कामा नये. मागे उरतो तो प्रथिनांचा अत्यंत दाट पण स्वच्छ द्राव. माणसाच्या भिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो आणि विद्राव्य प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के प्रथिने आल्फा, बीटा व गॅमा क्रिस्टॅलिन या कुळांतील असतात. ती एकमेकांशेजारी सुव्यवस्थित दाटीने बसलेली आहेत तोवर भिंग पारदर्शक.

केंद्रक नाही याचा अर्थ नवे प्रथिन घडविण्याची सोय नाही. २००८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी याचा सुंदर पुरावा दिला. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चे प्रमाण त्यांनी मृत व्यक्तींच्या भिंगातील क्रिस्टॅलिनमध्ये मोजले आणि त्यावरून त्या व्यक्तींचे जन्मवर्ष काढता येते असे दाखविले. आहाररसातून धातूंचे नित्य पोषण होते हा आपला नेहमीचा विचार आहे; भिंगाच्या गाभ्यापाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. सत्तर वर्षांच्या माणसाच्या गाभ्यातील प्रथिन सत्तर वर्षांचेच असते.

एवढी वर्षे ते टिकते कसे? १९९२ मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखविले की आल्फा क्रिस्टॅलिन हे केवळ बांधकामाचे साहित्य नाही, ते राखणदारही आहे. उष्णतेने वा अन्य कारणाने उलगडू लागलेल्या प्रथिनाला ते धरून ठेवते आणि त्याची गुठळी होऊ देत नाही. परंतु गाभ्यातील या राखणदारांचा साठा जन्मतः ठरलेला. वयाबरोबर तो खर्ची पडतो. ऑक्सिडीकरणापासून वाचविणारे ग्लुटाथायोनही गाभ्यात कमी होत जाते. मग प्रथिने एकमेकांना कायमची जखडली जातात, अविद्राव्य होतात, त्यांचे मोठे पुंज प्रकाश विखुरतात. रुग्ण सांगतो, ‘‘दिव्याभोवती पिसारा दिसतो.’’

उंदराने दिलेला पुरावा

परळच्या माणसाला उंदीर आणि विज्ञान यांचे नाते नवे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आली. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग कसा पसरतो याचा तपास पुढे तेथे झाला. मोतीबिंदूच्या अभ्यासात कामी आला तो मात्र प्रयोगशाळेत पाळलेला लहान उंदीर, ज्याला इंग्रजीत ‘माउस’ म्हणतात. त्याच्यातील एकेक जनुक बदलून किंवा काढून परिणाम पाहता येतो.

जपानमधील ‘नाकानो’ जातीच्या उंदरांना जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप मोतीबिंदू होतो. त्यांच्या भिंगात सोडियम बाहेर टाकणारा पंप नीट चालत नाही. पेशींत क्षार व पाणी साचते, तंतू फुगतात. ‘फिली’ जातीच्या उंदरांत बीटा क्रिस्टॅलिनपैकी एकाचे जनुक सदोष आहे, म्हणून प्रथिनच कच्चे घडते. १९९७ मध्ये अमेरिकेत आल्फा-ए क्रिस्टॅलिन नसलेले उंदीर निर्माण करण्यात आले. त्यांच्या तंतुपेशींत प्रथिनांचे पुंज साचले आणि भिंग धुरकटले. विशेष म्हणजे त्या पुंजांत दुसरा राखणदार, आल्फा-बी, स्वतःच अडकून पडलेला आढळला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने शेजारशेजारच्या तंतूंना जोडणारे कोनेक्सिन-४६ हे प्रथिन काढून टाकले, तेव्हा गाभ्यात मोतीबिंदू झाला आणि गॅमा क्रिस्टॅलिनचे तुकडे पडलेले दिसले. २००३ साली जपानी संशोधकांनी, तंतू होताना केंद्रकातील डीएनए मोडणारे एन्झाइम काढले. केंद्रके तशीच उरली आणि भिंग अपारदर्शक झाले.

पाण्याचा बिघाड, प्रथिनाचा बिघाड, राखणदाराचा अभाव, शेजाऱ्यांतील दळणवळण तुटणे, राडारोडा न उचलला जाणे : कारणे पाच, परिणाम एकच. हेतू अनेक असले तरी संप्राप्ती एका ठिकाणी स्थिरावते, हे सूत्र आपल्याला अपरिचित नाही. मात्र ‘प्रथिनांचा पुंज म्हणजे कफ’ असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. दोन शास्त्रांचे शब्द एकमेकांवर चिकटविल्याने कोणत्याच शास्त्राचे ज्ञान वाढत नाही. घेण्यासारखा आहे तो यातून निघणारा निष्कर्ष : एकदा पुंज झाला की तो उलगडण्याची यंत्रणा त्या केंद्रकहीन पेशीत शिल्लक नसते.

बाहेरून औषध घालून तो उलगडता येईल काय? २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या भिंगातील धूसरता कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि जगभर आशा पल्लवित झाली. त्यानंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत, माणसांच्या काढलेल्या मोतीबिंदूंवरदेखील, तो परिणाम मिळाला नाही. अद्याप असे एकही औषध सिद्ध झालेले नाही. कोट्यवधी डॉलर खर्चून जे साधले नाही ते आपल्या शेजारच्या दुकानातील दहा मिलिलिटरच्या बाटलीत साधते, असे म्हणण्यापूर्वी आपण थांबावे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

आपल्या द्रव्यांवरही काम झाले आहे आणि ते आशादायक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००५ मध्ये हळद व कुर्क्युमिन आणि २००७ मध्ये आवळा यांमुळे मधुमेही केलेल्या मोठ्या उंदरांत, म्हणजे ‘रॅट’मध्ये, मोतीबिंदू लांबतो असे दाखविले. २०१० मध्ये सेलेनाइट देऊन मोतीबिंदू केलेल्या उंदरांच्या पिल्लांवर त्रिफळेचा अनुकूल परिणाम प्रसिद्ध झाला. हे निष्कर्ष अभिमानाने सांगावेत. परंतु पूर्ण सांगावेत.

पूर्ण सांगणे म्हणजे तीन गोष्टी सांगणे. पहिली, या प्रयोगांत औषध हानीच्या आधी किंवा हानीबरोबर दिले होते. तयार मोतीबिंदू नाहीसा झाला असे त्यांत म्हटलेले नाही. दुसरी, मात्रा. त्याच हैदराबादच्या संस्थेच्या २००३ मधील प्रयोगात आहारातील ०.००२ टक्के कुर्क्युमिनने मोतीबिंदू लांबला, तर ०.०१ टक्के प्रमाणात तो पुढे अधिक वेगाने परिपक्व झाला. ‘घरचीच हळद, कितीही घ्या’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिसरी गोष्ट प्राण्याची. रॅटच्या भिंगात साखरेपासून सॉर्बिटॉल बनविणारे अल्डोज रिडक्टेज हे एन्झाइम भरपूर असते. लहान उंदराच्या भिंगात ते अत्यल्प, म्हणून मधुमेह होऊनही त्याला सहसा शर्कराजन्य मोतीबिंदू होत नाही. १९९५ मध्ये त्याच्या भिंगात माणसाचे हे जनुक घातले तेव्हा तो होऊ लागला. सेलेनाइटच्या प्रयोगात प्रथिने तोडण्यात ज्या एका विशिष्ट एन्झाइमचा मोठा वाटा असतो, ते माणसाच्या भिंगात तयारच होत नाही. दोन उंदरांतच एवढे अंतर असेल, तर उंदरावरून थेट आपल्या रुग्णावर उडी मारणे शास्त्राला धरून नाही.

‘अजून पिकला नाही’

हा सारा विचार केवळ ग्रंथातला नाही. आपल्या वस्त्यांत ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू’ हे वाक्य अजून ऐकू येते. शलाकेच्या काळात त्याला अर्थ होता. संपूर्ण गाभा मोठ्या छेदातून बाहेर काढण्याच्या काळातही काहीसा होता. आज सूक्ष्म छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढतात आणि कृत्रिम भिंग बसवितात. तेथे पिकण्याची वाट पाहणे म्हणजे गाभा अधिक कठीण होऊ देणे आणि शस्त्रकर्म अवघड करणे.

याहून वाईटही घडते. अतिपक्व भिंगातील प्रथिने आवरणातून पाझरू लागतात. ती गिळण्यासाठी आलेल्या भक्षक पेशी आणि ती प्रथिने मिळून डोळ्यातील द्रवाचा निचरा तुंबवितात, आतील दाब वाढतो आणि दृष्टीची नाडी चेपली जाते. लालबागच्या एका चाळीतील सत्तरीच्या आजी याच अवस्थेत माझ्याकडे आणल्या गेल्या. ‘मोतीबिंदू विरघळविणारे’ म्हणून मिळालेले थेंब त्या दीड वर्ष घालीत होत्या. डोळा लाल, डोके फुटल्यासारखे दुखत होते, उलट्या होत होत्या. घरच्यांनी पित्त समजून दोन दिवस मोरावळा दिला होता. त्याच दिवशी त्यांना नेत्ररुग्णालयात पाठविले. दाब उतरला, भिंग काढले गेले, वेदना थांबल्या. दृष्टी म्हणून जे उरले ते इतकेच, की खिडकी कोणत्या बाजूला आहे हे त्यांना कळते. त्या थेंबांनी डोळ्याला इजा केली नसेल. त्यांनी दीड वर्ष नेले, आणि हीच ती इजा.

परळचा दुसरा धडा

मग वैद्याने करायचे काय? याचे उत्तर परळमध्येच एका पिढीपूर्वी मिळाले आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या पुढाकाराने के. ई. एम. रुग्णालयात १९८९ साली आयुर्वेद संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे गुडूचीवर झालेले काम आपण सर्व जाणतो. आधी जंतुसंसर्ग केलेल्या उंदरांत गुडूचीचा परिणाम पाहिला गेला आणि पुढे अवरोधी कावीळ झालेल्या, शस्त्रकर्माला जाणाऱ्या रुग्णांत ती देऊन १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. लक्षात घ्यावे की गुडूची शस्त्रकर्माऐवजी नव्हती. ती शस्त्रकर्माच्या आधी रुग्णाचे बळ राखण्यासाठी होती. दावा नेमका होता, म्हणून तो तपासता आला आणि टिकला.

मोतीबिंदूबाबतही आपला दावा असाच नेमका असावा. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शालाक्याच्या पदव्युत्तर शिक्षणात मोतीबिंदूसह काही शस्त्रकर्मांचा स्पष्ट उल्लेख केला. त्यावरून देशभर वाद झाला आणि डिसेंबरमध्ये आधुनिक डॉक्टरांनी निषेधाचा दिवस पाळला. त्या गदारोळात शस्त्र कोणाच्या हाती असावे एवढीच चर्चा झाली. शस्त्राच्या आधीची जी दहा-पंधरा वर्षे असतात, ती कोणाच्या हाती असावीत, हा प्रश्न कोणी विचारला नाही. माझ्या मते आपले खरे क्षेत्र ते आहे.

त्या वर्षांसाठी काही गोष्टी आपल्या संघटनेने ठरवाव्यात, असे सुचवितो. चाळिशीनंतरच्या प्रत्येक रुग्णाची दृष्टी तक्त्यावर मोजून नोंदवावी. मोतीबिंदूची शंका आल्यास नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर तपासून अवस्थेची लेखी नोंद घ्यावी आणि तीच नोंद वर्षाने पुन्हा घ्यावी. ‘बरे वाटते’ ही नोंद नव्हे. प्रमेह आटोक्यात ठेवणे, विडी-सिगारेट सोडविणे, उन्हापासून डोळ्यांचे रक्षण, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड पोटात जात नाही ना याची चौकशी, हे यापनाचे पहिले अंग मानावे. त्रिफळा, आवळा यांचा उपयोग करणाऱ्यांनी अशा नोंदींसह पाच-पाच वर्षांचा पाठपुरावा एकत्र मांडावा. दादर ते गिरगाव पट्ट्यातील वीस दवाखान्यांनी मनावर घेतले तर असा अभ्यास उभा राहू शकतो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक समान नोंदवही लागते.

शेवटी जाहिरातीविषयी. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात मोतीबिंदूचे नाव आहे. त्यावर औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. तरी हस्तपत्रके वाटली जातात, दुकानांत फलक लागतात. आपल्या सभासदाने असे थेंब विकू नयेत, आणि दुसरा विकत असेल तर आपण गप्प बसू नये, असा ठराव पुढील वार्षिक सभेत यावा. ज्या दिवशी रुग्णाला ‘आता याला शस्त्रकर्मच हवे’ असे सांगण्याची वेळ येते, त्या दिवशी ते प्रथम वैद्याने सांगावे. टेकू लावणाऱ्याला भिंत केव्हा सोडली पाहिजे हेही कळले पाहिजे. त्याच्या भरवशावर आत माणसे राहत असतात.